किती देते?

डबा हॉर्न वाजवत गल्लीत शिरला. एकदा वाजवून थांबला असं नाही, वळणापासून घरापर्यंत अख्खी गल्ली हॉर्नवर. डबा म्हणजे आत्याची जुनी व्हॅन. तिचा रंग कधीकाळी निळा होता असं आत्या सांगते आणि कुणी वाद घालत नाही. आत नऊ बायका, नऊच्या नऊ हसतायत. मागोमाग भाच्याची नवीकोरी छोटी गाडी. तिच्यात एकटा भाचा. तोही हसत होता, रडण्यापेक्षा बरं म्हणून.

गॅलरीत दादा उभा होता. दादा म्हणजे आत्याचा थोरला भाऊ आणि भाच्याचा बाप. दोन्ही गाड्यांबद्दल त्याचं ठाम मत आहे आणि ते न मागता मिळतं.

"जिंकलीस?" त्याने वरून विचारलं.

"हरले," आत्या खालून म्हणाली.

"मग हॉर्न कशाला बडवतेस?"

"हरले म्हणून."

अंगणात भंगारवाला बसला होता. त्याला दादानेच बोलावलं होतं, डबा न्यायला. तो डब्याकडे बघत होता आणि डबा, दोन्ही दिवे लावून, त्याच्याकडे.

किती देते? (विचारणारे: सगळे)

नवी गाडी दारात आली की माणसं तिच्याभोवती एक चक्कर मारतात, टायरला उगाच एक लाथ घालतात आणि विचारतात, "किती देते?"

एका लिटर पेट्रोलमध्ये किती किलोमीटर जाते, असा तो प्रश्न आहे. पण एवढा लांब प्रश्न विचारायला कुणाला वेळ आहे? "किती देते?" एवढ्यात भागतं. जणू गाडी गोठ्यातली आहे आणि सकाळ-संध्याकाळ चरवी भरते. आणि जी कमी देते ती काय करते? ती पिते. म्हणजे जगात गाड्या दोनच जातींच्या, देणाऱ्या आणि पिणाऱ्या. मधली जात नाही.

भाच्याची गाडी देत होती. तो शोरूममध्ये गाड्या विकायचा, त्यामुळे त्याला आकडा झोपेतसुद्धा पाठ. "बावीस," तो म्हणायचा आणि दादाची छाती दोन बोटं पुढे यायची.

डबा पीत होता. दादा त्याला 'बेवडा' म्हणायचा. "उठला का बेवडा?" हे दादाचं सकाळचं पहिलं वाक्य. आत्या उत्तर द्यायची नाही. ती टायरची हवा बघत असायची. हवा कमी असली की गाडी चिखलातून चालल्यासारखी ओढावी लागते, आणि ओढायला पेट्रोलच लागतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. हातगाडी ढकललेल्या माणसाला ते कळतंच.

किती देते? (विचारणारा: मॅनेजर, लेखी)

बटणांच्या कारखान्याच्या फाटकावर कागद लागला.

*सूचना. दूरच्या वस्तीवरून कामाला येणाऱ्या बायकांची ने-आण करण्यासाठी यापुढे एकच गाडी ठेवण्यात येईल. पेट्रोल कारखाना देईल. एका लिटरमध्ये जी गाडी जास्त देईल, ती निवडण्यात येईल. चाचणी शनिवारी, पहिली पाळी सुटल्यावर, आवारात.*

मॅनेजर बोलताना 'मायलेज' म्हणायचा. लिहिताना मात्र हात घरच्या जिभेच्या मागे गेला आणि घरात बोलतात तसंच कागदावर उतरलं. जास्त देईल. काय देईल, ते लिहायचं राहिलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण वाचणाऱ्या प्रत्येकाला ते आधीच माहीत होतं.

आतापर्यंत त्या बायकांना आत्याच आणत होती. पॉलिशच्या खात्यातल्या, छिद्रं पाडणाऱ्या, कार्डावर बटणं लावणाऱ्या. डब्याचं सगळं आयुष्य त्या रस्त्यावर गेलं होतं आणि आत्याचं निम्मं. तो रस्ता गेला तर डब्याला दुसरं काम नव्हतं, आणि डबा गेला तर आत्यालाही.

किती देते? (विचारणारा: दादा, जेवताना)

"तुझा बेवडा किती देतो गं?"

"तुला माहितीये."

"मला माहितीये, तू सांग."

"दहा-अकरा."

"दहा-अकरा! आणि पोराची बावीस. दुप्पट! अगं, निकाल लागलेलाच आहे. शनिवारीच भंगारवाल्याला बोलावून ठेवतो. दोनदा यायचा त्रास नको त्याला."

"बाबा, असं काय बोलता?" भाचा म्हणाला. त्याला आत्याबद्दल माया होती. गाडी चालवायला तिनेच शिकवलं होतं, ह्याच डब्यावर. "आत्या, तू वाईट वाटून घेऊ नको. शोरूममध्ये बोर्ड लावतील ते, कारखान्याने निवडलेली गाडी म्हणून. माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे."

"वाईट कशाला वाटेल? आमटी घे."

"आणि तू तरी किती वर्षं हाकणार आहेस तो डबा? घरी बस. आराम कर."

आत्याचा हात आमटीच्या वाटीवर थांबला.

"घरी बसून काय करू?"

"काहीही कर."

"काहीही मला येत नाही रे," आत्या म्हणाली. "मला गाडी चालवता येते."

मग दादाने मुलाला विचारलं, "एवढ्या बायकांना नेशील कसा, छोट्या गाडीतून?"

"फेऱ्या मारीन."

"मारशील," दादा अभिमानाने म्हणाला आणि विषय तिथेच मिटला.

कमी काय करता येईल? (विचारणारा: भाचा, स्वतःला)

शनिवारी सकाळी भाच्याने अंगणात गाडी उघडली. वजन कमी तर पेट्रोल कमी, हा शोरूममधला पहिला धडा.

त्याने स्टेपनी काढली. जॅक काढला, पाने काढले, पायाखालच्या चटया काढल्या. डिकीतली छत्री काढली. छत्रीचं वजन ते काय, पण एकदा माणूस काढायला लागला की हात थांबत नाही. डॅशबोर्डवरची मान हलवणारी बाहुली काढली. शेवटी त्याने मागचं सीट बघितलं. लांबरुंद, जाडजूड, वर कुणी बसलेलं नाही. उगाच फुकट प्रवास करणारं. चार बोल्ट. तेही काढलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. मग स्वतः नाश्ता केला नाही.

"उपास?" आत्याने विचारलं.

"दोनशे ग्रॅम वाचले," भाचा म्हणाला. "आत्या, तूसुद्धा काहीतरी काढ."

आत्याने डब्यात डोकावून पाहिलं. काढण्यासारखं काय होतं? सीटं होती, ती बसायला लागत. पॉलिशच्या खात्यातल्या सगळ्यात वयस्कर बाईच्या पायाखाली ठेवायचा लाकडी ठोकळा होता. चढताना तिचा गुडघा वाकत नसे. ठोकळा आत्याने हातात घेतला, तोलला आणि परत ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली. "रिकामा डबा वाजतो फार."

यांना उतरवताय ना? (विचारणारा: मॅनेजर)

पाळी सुटली. बायका नेहमीसारख्या हात पुसत आल्या, नेहमीसारख्या डब्यात चढल्या आणि आपापल्या जागी टेकल्या. नखांत पॉलिशची पांढरी भुकटी. आज चाचणी आहे हे त्यांना माहीत होतं, पण पायांना कुठे माहीत? पाय डब्याकडेच आले.

कारखान्याच्या फिटरने दोन्ही गाड्यांच्या टाक्या बंद केल्या आणि दोघींच्या इंजिनांना एकेक पारदर्शक बाटली जोडली, मोजून एक लिटरची. कारखान्याच्या भिंतीला बाहेरून वळसा घालायचा, फाटकाशी परत यायचं. एक वळसा म्हणजे साधारण एक किलोमीटर. पेट्रोल संपेपर्यंत फिरायचं. ज्याच्या फेऱ्या जास्त, तो जिंकला.

"बाई, यांना उतरवताय ना?" मॅनेजरने डब्याकडे बोट दाखवलं.

भाचाही खिडकीतून वाकला. "आत्या, उतरव गं. नऊ जणी म्हणजे पाव टन होईल."

"अर्धा," आतून डझनबाई म्हणाली. ती कार्डावर बटणं लावायची, एका कार्डावर बारा. वर्षानुवर्षं बारा-बारा करून तिचं डोकंच डझनात चालायचं. तिला तिच्या मुलांचं वय विचारलं तरी ती म्हणायची, मोठा दीड डझनाचा आहे, धाकटा डझनाला दोन कमी. "पाव टन मी एकटीच आहे."

बायका हसल्या, पण उठायला लागल्या. "उतरतो आत्या. तुमचं नुकसान नको."

आत्याने बाहेर पाहिलं. आवारात एकही झाड नव्हतं. डांबर इतकं तापलं होतं की त्यावरची हवा थरथरत होती. वयस्कर बाईने एक पाय ठोकळ्याच्या दिशेने खाली सोडला होता आणि दुसरा कसा सोडावा याचा विचार करत होती.

उतरल्या तर दोन-तीन फेऱ्या वाढतील. वाढून तेरा-चौदा होतील. बावीस तर होणार नाहीतच. आणि समजा झाल्या असत्या, तरी?

"बसा," आत्या म्हणाली. "शिफ्ट सुटलीय, तुम्ही बसलाय. आता उतरायचं ते घरी."

"बाई, हरताय तुम्ही," मॅनेजर म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला ते बघवत नव्हतं.

"हरते. तुम्ही शिट्टी वाजवा."

फेऱ्या

शिट्टी वाजली. भाचा सुटला आणि आत्या निघाली. सुटणं वेगळं आणि निघणं वेगळं. आत्या झोपलेल्या बाळाच्या अंगावरून पांघरूण काढावं तसा क्लच सोडायची. बाळ जागं होता कामा नये. इंजिन ओरडायच्या आधी दुसरा गिअर, कुरकुरायच्या आधी तिसरा. पुढे वळण आहे हे आधीच दिसलं की ॲक्सिलरेटरवरचा पाय आधीच वर. वळणाशी जाऊन ब्रेक मारणारा माणूस पेट्रोल जाळून विकत घेतलेला वेग तिथेच फेकून देतो.

मागच्या भिंतीच्या बाजूला उतार होता. उतारावर तिने पाय नुसता टेकवून ठेवला. नऊ बायकांचं वजन डब्याला मागून ढकलू लागलं.

"बघा, आम्ही पण देतोय," डझनबाई म्हणाली.

"चढावर घ्यालही तुम्हीच," आत्या म्हणाली.

चढावर त्यांनी घेतलं. बाटलीतली पातळी चढ येताच बोटभर खाली सरकायची. पॉलिशवाल्या पोरी दर चढाला श्वास रोखून धरायच्या, जणू त्याने वजन कमी होतं.

पाचव्या फेरीत भाच्याने ओव्हरटेक केलं. हात दाखवला. आत्यानेही दाखवला.

आठव्या फेरीत बाटली तळाला आली.

नववी.

दहावी.

उतार.

अकरावी. फाटक दिसलं, इंजिन एकदा खोकलं, आणि राहिलेलं अंतर डबा नुसत्या गतीवर, आवाज न करता, घरंगळत आला. फाटकाच्या रेषेवर पुढचं चाक टेकलं आणि थांबला.

"अकरा," मॅनेजर म्हणाला.

मग सगळे भाच्याची वाट बघत बसले. बराच वेळ. तो येत राहिला, जात राहिला, येत राहिला. चौदाव्या फेरीला बायकांनी टाळ्या वाजवल्या, मनापासून, कारण पोरगं लाघवी होतं. अठराव्याला कुणाला जांभई आली. बावीस झाल्या आणि गाडी फाटकाशी येऊन झोपली.

आत्या डब्याच्या पायरीवर बसली होती. तिने पदार्थाची चव बघावी तशी जीभ ओठांवरून फिरवली आणि म्हणाली, "छान चालवलीस."

"तूच शिकवलंस," भाचा म्हणाला. तो घामाने निथळत होता. खिडक्या बंद आणि एसी बंद, दोन्ही पेट्रोल वाचवायला.

त्या वेळी आत्याला खरोखर वाटलं, संपलं. घरी बसायचं. काहीही करायचं. तिने किल्ली काढली आणि मुठीत धरून ठेवली.

किती देते? (विचारणारी: डझनबाई)

मॅनेजरने टाळी देऊन भाच्याचं अभिनंदन केलं. "ठरलं तर. आजपासूनच सुरू करा. फिटर टाकी जोडून देतील. बायका खोळंबल्यायत, त्यांना घरी सोडा."

"सोडतो की," भाचा म्हणाला.

नऊ जणी डब्यातून उतरल्या. डझनबाई पुढे होती. तिने छोट्या गाडीचं मागचं दार उघडलं, आत पाहिलं, आणि दार धरूनच उभी राहिली.

"काय झालं?" मागून पॉलिशवाली.

"काही नाही. आत काहीच नाहीये."

सगळ्यांनी वाकून पाहिलं. मागे नुसता पत्रा होता, चार बोल्टांची चार भोकं आणि एक जुना चॉकलेटचा कागद. सीट घरी भिंतीला टेकून आराम करत होतं.

भाच्याचा चेहरा असा झाला की आत्याला एकदम तो लहानपणी चड्डी उलटी घालून शाळेत गेला होता ते आठवलं.

"सीट आहे हो," तो म्हणाला. "घरी आहे. लावलं की चौघी बसतील. एक पुढे, तीन मागे."

"आम्ही नऊ आहोत."

"फेऱ्या मारीन."

"म्हणजे तीन वेळा जाणार," पॉलिशवाली म्हणाली. "आणि मधे दोनदा रिकामा परत येणार. रिकामा येताना काय ढकलत आणणार का?"

मॅनेजर पुढे आला. त्याच्या हातात निकालाचा कागद होता, आणि तो वाचायच्या बेतात होता, म्हणून त्याने तोंड उघडलेलंच होतं.

"साहेब," डझनबाई त्याला अगदी अदबीने म्हणाली, "सोमवारपासून मी कार्डं रिकामी पाठवू का? बटणं न लावता?"

"रिकामी? का?"

"हलकी जातील. एका खोक्यात दुप्पट मावतील."

मग फिटर हसला. तो वाकून टाकी जोडत होता, त्यामुळे हसू बॉनेटखालून आलं. मॅनेजरचं तोंड मिटलं. त्याने खिशातून सूचनेची घडी काढली, उघडली, आणि स्वतःचंच अक्षर परक्याचं असल्यासारखं वाचलं.

"जास्त देईल," तो पुटपुटला. "एका लिटरमध्ये जी गाडी जास्त देईल..." मग भाच्याकडे वळला. "तुमची गाडी किती देते?"

"बावीस."

"कुणाला?" आत्या म्हणाली.

ती पायरीवरून उठली होती. तिने हा शब्द मोठ्याने म्हणायचं ठरवलं नव्हतं. पण आयुष्यभर लोकांनी तिला "किती देते" विचारलं होतं, आणि तेवढ्याच वेळा तिच्या तोंडात हा एक शब्द येऊन परत गेला होता. आज तो परत गेला नाही.

"कुणाला म्हणजे?"

"देतो म्हटलं की घेणारा लागतो ना साहेब? बावीस किलोमीटर दिले. कुणाला दिले? आत कोण होतं?"

"मी होतो की," भाचा म्हणाला.

"तुला बटणं करायचीयत का?" डझनबाईने विचारलं.

"नाही."

"मग तू धरायचा नाहीस. आमच्या आत्याही धरायच्या नाहीत. कामावर कोण गेलं, ते धरा. तुझे बावीस, कुणालाच नाही. डब्याचे अकरा, नऊ जणींना. अकरा नवे..." तिचे ओठ हलले, बोटं कार्डावर असल्यासारखी नाचली. "आठ डझन आणि वर तीन."

"नव्व्याण्णव," मॅनेजर म्हणाला.

"तेच ते. साहेब, तुम्हाला डझनाची सवय नाही."

मॅनेजरने कागदाकडे बघितलं, मग रिकाम्या पत्र्याकडे, मग नऊ जणींकडे. त्या उन्हात उभ्या होत्या आणि त्यांना घरी जायचं होतं. बहुधा आकड्यापेक्षा त्याला हेच जास्त पटलं.

"काय देईल ते मी लिहिलंच नव्हतं," तो म्हणाला. "माझी चूक. पण लिहिलं नव्हतं ते बरं, आता हवं ते धरायला मी मोकळा आहे." त्याने सूचना भाच्याच्या बॉनेटवर ठेवली आणि 'जास्त' या शब्दापुढे पेनाने एक शब्द घुसवला. *जास्त जणींना देईल.* व्याकरण जरा लंगडं झालं. पण चालत होतं.

"बाई, किल्ली आहे ना जवळ?"

आत्याने मूठ उघडली. किल्लीचा दातेरी ठसा तळव्यावर उमटला होता.

"चला गं," ती म्हणाली. "ठोकळा आणा कुणीतरी."

भाच्याने आणला. स्वतः खाली ठेवला आणि वयस्कर बाईला हात दिला. "आत्या," तो हळूच म्हणाला, "शोरूममध्ये एक मोठी गाडी आहे. दहा सीटांची. पुढेमागे डबा थकला तर..."

"तेव्हा बघू. ती किती देते?"

भाच्याने तोंड उघडलं, आकडा जिभेवर होता. मग गिळला. "कुणाला नेतो त्यावर आहे," तो म्हणाला.

"शिकलास," आत्या म्हणाली आणि हॉर्न दाबला. मग सोडायचं विसरली.

किती देते? (विचारणारा: भंगारवाला)

तर डबा अंगणात उभा. गॅलरीत दादा, डब्यात नऊ जणी. त्यांना घरी सोडायच्या आधी आत्याने मुद्दाम इकडून आणलं होतं.

"हरलीस आणि वरात काढलीस?" दादा जिना उतरून आला. "कुणी सांगेल का मला नीट?"

नऊ जणींनी एकदम सांगायला सुरुवात केली. दादाला त्यातलं 'रिकामी कार्डं' आणि 'पत्रा' एवढंच कळलं. पण तो आयुष्यभर हिशेब मांडलेला माणूस. दोन मिनिटांत त्याने मुलाच्या गाडीत डोकावून पाहिलं, सरळ झाला, आणि डब्याच्या पत्र्यावर हात ठेवला. जरा वेळ ठेवला.

"बेवडा नाही म्हणायचं मग याला," तो म्हणाला.

"म्हण की," आत्या म्हणाली. "पितो तर तो आहेच. पण एकटा नाही पीत."

भंगारवाला इतका वेळ गप्प बसून होता. काट्याची साखळी हातात, चहाचा कप शेजारी. "ताई," तो म्हणाला, "गाडी देताय की नाही? सकाळपासून बसलोय."

"कशावर बसलायस?" भाच्याने विचारलं.

भंगारवाल्याने खाली पाहिलं. भिंतीला टेकवलेलं मागचं सीट त्याने आडवं करून घेतलं होतं आणि त्यावर पाय पसरून तो मस्त बसला होता. "हे इथेच पडलेलं होतं. मऊ आहे. वजनही चांगलंय, मी बघितलं तोलून. हे देताय का मग?"

भाचा धावला. भंगारवाला उठेना. बायका खिडक्यांतून बघत होत्या आणि डझनबाई म्हणत होती, "बसू दे रे त्याला, निदान कुणीतरी बसलंय त्यावर."

आत्याने डबा वळवला. वळवताना अंगणाच्या भिंतीशी एक वीतभरही जागा वाया घालवली नाही. फाटकाशी, शेवटी सीट सोडून उठलेला भंगारवाला आडवा आला, काटा खांद्यावर, आणि जुन्या गिऱ्हाइकाला विचारावं तसं त्याने खिडकीत वाकून विचारलं.

"एवढी जुनी गाडी. देते तरी किती?"

आत्याने मागे वळून बघितलं. मागून उत्तर एका सुरात आलं.

"आठ डझन आणि तीन."